आईला तिचा आजार सांगायचा की नाही? आणि घरच्या माणसांशी खोटं बोलावं का?

कृष्णाकाठची :
नमस्कार. इथे बरीच वर्षं वाचतेय, धागा पहिल्यांदाच काढतेय. लांबलं तर सांभाळून घ्या.

आई ७४ वर्षांची. कराडला दादा-वहिनीजवळ असते. प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. दिवाळीनंतर डोळे पिवळे दिसायला लागले, अंगाला खाज सुटली, वजन उतरलं. साधी कावीळ असेल असंच सगळ्यांना वाटलं. सोनोग्राफी, सीटी, मग बायोप्सी झाली आणि स्वादुपिंडाचा कॅन्सर निघाला. यकृतापर्यंत गेलाय, ऑपरेशन होण्यासारखं नाही, असं डॉक्टरांनी दादाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं. पित्ताची वाट मोकळी राहावी म्हणून स्टेंट टाकलाय. त्यामुळे पिवळेपणा उतरलाय आणि आईला वाटतंय, बरी होतेय.

आईला सांगितलंय की कावीळ आहे, मुरलेली आहे, वेळ लागेल. दादाने ठरवलं, मामांनी मान डोलावली. दादा म्हणतो, "कावीळ तर होतीच ना? खोटं कुठे बोललो?"

आई काविळीचं पथ्य अगदी निष्ठेने पाळतेय. तेल बंद, तूप बंद, हळद बंद. लाह्या, ताक, मुळा, उसाचा रस. शेजारच्या काकूंनी कुठूनतरी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. ती वाढत वाढत खाली आली की कावीळ उतरली असं मानतात. रोज फोनवर आई मला सांगते, आज माळ कुठवर आली. आणि मी "अरे वा" म्हणते.

परवा मात्र तिने विचारलं, "बायोप्सी कशाला केली गं काविळीला?" मी विषय बदलला.

दादाचं म्हणणं, सांगितलंस तर आठ दिवसांत जाईल आणि ते तुझ्यावर राहील. तुमच्यापैकी कोणावर ही वेळ आली असेल तर काय केलंत? आणि आजाराचं सोडा, एरवीही घरातल्यांपासून किती लपवावं?

सुमेधा_के :
सांगू नका. माझ्या वडिलांना फुप्फुसाचा कॅन्सर होता. डॉक्टर राउंडला आले आणि उभ्या उभ्या, सगळ्या वॉर्डासमोर सांगून मोकळे झाले. तोवर रोज पेपर वाचणारा, नातवाला बसपर्यंत सोडून येणारा माणूस भिंतीकडे तोंड करून झोपला तो झोपलाच. आजार त्यांना अजून वेळ देणार होता. बाबांनी हाय खाल्ली. तत्त्वं सांगणारे इथे पुष्कळ येतील. तुम्ही तुमच्या आईकडे बघा.

चहाबाज :
ताई, आईंना लवकर आराम पडो. तुमच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर देतो. आमच्या घरात "निघालो, पाच मिनिटांत पोचतो" याचा अर्थ टॉवेल शोधतोय असा होतो आणि हे सर्वांना माहीत आहे. ऐकणाऱ्याला ठाऊक असेल तर ते खोटं धरू नये असा माझा ठराव.

पारावरचा :
मनुस्मृतीतला श्लोक सगळ्यांना पाठ असतो. सत्य बोलावं, प्रिय बोलावं, अप्रिय सत्य बोलू नये. इथवर सगळे म्हणतात आणि थांबतात. पुढचा, तिसरा चरण कुणी म्हणत नाही: प्रिय असलं तरी असत्य बोलू नये. म्हणजे कटू वाटतंय तर गप्प राहा, एवढीच सवलत आहे. "कावीळ आहे" म्हणण्याची सवलत त्यात नाही.

आणि "कावीळ तर होतीच ना" हा दादांचा बचाव आपल्याकडे फार जुना आहे. अश्वत्थामा नावाचा हत्ती मेला होता हेही खरंच होतं. धर्मराजाचा रथ तोवर जमिनीपासून चार बोटं वर चालायचा, त्या एका वाक्यानंतर चाकं खाली टेकली.

सुमेधा_के :
@पारावरचा, अहो तिथे युद्ध होतं, इथे एका म्हातारीला चार दिवस सुखाचे मिळावेत एवढीच इच्छा आहे. रथ टेकू दे की खाली.

डॉ_सह्याद्री :
तालुक्याच्या गावी दवाखाना आहे माझा. हा प्रसंग आमच्याकडे नेहमीचा. पेशंट आत यायच्या आधी मुलगा पुढे येतो, हळूच म्हणतो, "डॉक्टर, वडलांना काही बोलू नका." मग वडील येतात, आणि मुलगा औषधं आणायला गेला की म्हणतात, "मुलाला सांगू नका, पण हा कॅन्सरच ना?" दोघेही एकमेकांना जपत असतात आणि दोघेही एकटे पडलेले असतात.

काही मुद्दे.

वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेत म्हटलंय की डॉक्टरने आजाराचं गांभीर्य वाढवूनही सांगू नये आणि कमी करूनही सांगू नये. मात्र माहिती कुणाला हवी, तर "रुग्ण, नातेवाईक किंवा जबाबदार मित्र" असं लिहिलंय. त्या "किंवा"चा आधार घेऊन आम्ही डॉक्टर सोपी वाट धरतो आणि फक्त मुलाशी बोलतो. संमतीचं मात्र स्पष्ट आहे. रुग्ण स्त्री सज्ञान आणि शुद्धीवर असेल तर तिच्या वतीने तिच्या आईने दिलेली संमतीसुद्धा चालत नाही, हे सुप्रीम कोर्टाने २००८ साली एका खटल्यात सांगितलंय. उद्या तुमच्या आईंना केमो द्यायची ठरली तर सही कशावर घेणार? काविळीच्या सलाईनवर?

"आपली संस्कृती वेगळी, हे अमेरिकेत ठीक" असंही कुणीतरी म्हणेल. १९६१ साली शिकागोतल्या एका रुग्णालयातल्या डॉक्टरांना विचारलं तेव्हा त्यांच्यातले जवळपास ९० टक्के कॅन्सर रुग्णाला न सांगण्याच्या बाजूचे होते. १९७९ साली अमेरिकेतच पुन्हा तसाच प्रश्न विचारला तेव्हा ९७ टक्के सांगण्याच्या बाजूचे निघाले. म्हणजे तिकडेही लपवतच होते. एका पिढीत बदललं.

आणि कृपा करून ते पथ्य आजच थांबवा. या आजारात वजन झपाट्याने उतरतं. उपाशी ठेवल्यासारखं लाह्या-ताकावर ठेवणं अगदी उलटं आहे. तेल-तूप पचायला त्रास होत असेल तर जेवताना घ्यायच्या पाचक एन्झाइमच्या कॅप्सूल मिळतात, तुमच्या डॉक्टरांना विचारा. हे आजार न सांगताही करता येईल.

कृष्णाकाठची :
@डॉ_सह्याद्री, पथ्याचं दादाला लगेच कळवलं. तो म्हणाला, पथ्य सोडायला सांगितलं तर तिला संशय येईल.

म्हणजे बघा, एक खोटं टिकवायला आई मुळा खात बसलीय.

कोकणकडा :
हे शेवटचं वाक्य वाचून पोटात कालवलं. सांगायचं की नाही यावर माझं मत नव्हतं. आता आहे.

दुर्वा_अमरावती :
मी सरकारी दवाखान्यात स्टाफ नर्स होते, आता निवृत्त. दिवसा पेशंट काही विचारत नाही जी. दिवसा नातेवाईक असतात, डॉक्टर असतात. विचारतो तो रात्री. दोन-अडीच वाजता सलाईन बदलायला गेलं की मनगट धरतो, "सिस्टर, मले काय झालं हो?" बाहेर व्हरांड्यात पोरगा झोपलेला असते. त्याने बजावून ठेवलेलं असते की आमच्या बाबाले काहीच माहीत नाही.

आम्हाले निदान सांगायचा अधिकार नव्हता. मी विचारायची, "तुम्हाले काय वाटते?" बहुतेकजण बरोबर सांगायचे. मग ते शेताचं बोलायचे, धाकट्या पोरीचं लग्न राहिलं ते बोलायचे, कोणाकडून पैसे येणं आहे ते बोलायचे. हे सारं घरच्यांनी ऐकायला पाहिजे होतं, ऐकत होती रात्रपाळीची सिस्टर.

त्यात रेडिएशनला "लाईट" म्हणायचं, केमोला "ताकतीचं सलाईन" म्हणायचं. बाजूच्या खाटेवरचा पेशंट तेच सलाईन घेते अन् त्याचे केस गेलेले. माणूस अडाणी असला तरी त्याला डोळे असतात.

मंगला_ताई :
दुर्वाताई, पटलं. पण दुसरी बाजूही मांडते. माझ्या आईने स्वतःच आम्हाला सांगितलं होतं. तपासण्या सुरू झाल्या त्याच दिवशी म्हणाली, "काय निघेल ते थोरल्याला सांगा. मला सांगू नका. मी औषध घेईन, जिथे सही करायला सांगाल तिथे करेन. मला माझं नामस्मरण करू द्या." शेवटपर्यंत तिने एकदाही विचारलं नाही. आम्हीही सांगितलं नाही. आम्ही तिची फसवणूक केली असं कोणी म्हणालं तर मी ऐकून घेणार नाही. न कळण्याचाही हक्क असतोच ना माणसाला?

डॉ_सह्याद्री :
@मंगला_ताई, शंभर टक्के. तुमच्या आईने निर्णय घेतला आणि तुम्ही तो पाळला. इथे आईंना तो निर्णय घेऊच दिलेला नाही. फरक तेवढाच, पण मोठा आहे.

व्यासंगी :
उत्तम चर्चा. महाभारताचा विषय निघालाच आहे तर कर्णपर्वातली कौशिकाची गोष्टही आठवावी. कायम खरं बोलण्याचं व्रत घेतलेला तपस्वी. लुटारूंच्या भीतीने काही माणसं त्याच्या जवळच्या रानात लपतात. लुटारू येऊन विचारतात, हा रान दाखवतो. माणसं मारली जातात आणि कौशिक नरकात जातो. कृष्ण ही गोष्ट अर्जुनाला सांगतो, तेव्हा अर्जुन प्रतिज्ञेपायी युधिष्ठिरावर शस्त्र उचलायला निघालेला असतो. सत्याचं व्रत आंधळेपणाने पाळणं म्हणजे धर्म नव्हे, असा त्याचा रोख.

उलट १७९७ साली जर्मन तत्त्वज्ञ कांटने लिहिलं की दारात मारेकरी उभा असला आणि घरात लपलेल्या मित्राचा पत्ता विचारत असला तरी त्याच्याशी खोटं बोलण्याचा हक्क तुम्हाला नाही. मला कांटपेक्षा कृष्ण शहाणा वाटतो. खोट्याने जीव वाचत असेल तर खोटं बोलावं.

दुर्वा_अमरावती :
@व्यासंगी, कौशिकाले विचारणारे लुटारू होते. इथं विचारणारी आई आहे, अन् विचारते कशाबद्दल, तर स्वतःच्या पोटाबद्दल. तिच्यापासून कोणाले वाचवता बाप्पा?

व्यासंगी :
निरुत्तर केलंत. हा फरक माझ्या लक्षात आला नव्हता. ज्याला विचारायचा अधिकारच नाही त्याच्याशी खोटं बोलणं वेगळं आणि ज्याचा तो विषय आहे त्याच्याशी बोलणं वेगळं. कौशिकाची गोष्ट इथे लागू होत नाही.

सॅनहोजेवाला :
मी कॅलिफोर्नियात असतो. आजोबा गेले तेव्हा माझी परीक्षा चालू होती म्हणून घरी ठरलं, याला सांगायचं नाही. त्या दिवसांत व्हिडिओ कॉलवर आई बोलायची, मी विचारायचो आजोबा कुठेत, ती म्हणायची झोपलेत. मागे घरात माणसं दिसायची. "सत्यनारायण आहे" म्हणाली. तेरावं झाल्यावर बाबांनी सांगितलं.

मला दहा वेळा समजावलं गेलं की तुझ्या भल्यासाठी केलं. त्यांच्या मायेबद्दल शंका नाही. पण तेव्हापासून आईने फोनवर "इकडे सगळं छान" म्हटलं की मी ठेवतो आणि बहिणीला फोन लावतो. ती "छान" म्हणाली की चुलत भावाला. मला आता कोणाच्याच "छान"वर विश्वास ठेवता येत नाही. आणि खरंच छान असतं तेव्हाही मला तो आनंद मिळत नाही. लपवणाऱ्यांनी ही किंमत धरलेली नसते.

उषःकाल :
@सॅनहोजेवाला, बाळा, आईच्या बाजूनेही ऐक. माझा मुलगाही तिकडेच. सासरे गेले तेव्हा त्याचा व्हिसा नूतनीकरणात अडकला होता. आला असता तर परत जाता आलं असतं की नाही याची शाश्वती नव्हती. नोकरी गेली असती. न आला असता तर तिथे एका खोलीत एकटा रडत बसला असता, पाठीवरून हात फिरवायलाही कोणी नाही. आम्ही नाही सांगितलं. मला त्याचा पश्चात्ताप होत नाही. फोन ठेवल्यावर मी काय रडायची ते माझं मला माहीत.

सॅनहोजेवाला :
काकू, तुमच्या मुलाला एकदा विचाराल? तो काय म्हणतो ते इथे लिहा, नाही लिहिलंत तरी चालेल. पण विचारा.

चहाबाज :
यावरून आठवलं, आमच्या धाकटीला "माऊ गावाला गेली" असं सांगितलं होतं. आता आम्ही गावाला निघालो की ती मांजरीसाठी दूध घेऊन गाडीत बसते. ती मोठी झाल्यावर कोणत्या तोंडाने सांगणार देव जाणे.

निशिगंधा_पी :
धाग्यात लग्नाचं खोटं कसं आलं नाही अजून? माझ्या मैत्रिणीच्या सासरच्यांनी मुलाला फिट्स येतात हे लपवलं. लग्नानंतर गोळ्यांची पाकिटं कपाटात सापडली. तिचं म्हणणं एकच होतं, "आधी सांगितलं असतं तरी मी होच म्हणाले असते. आजाराचं काही नाही, पण मला विचारात घेतलं नाही." हिंदू विवाह कायदा १९५५, कलम १२ प्रमाणे महत्त्वाची गोष्ट लपवून संमती मिळवली असेल तर लग्न रद्द ठरवून मागता येतं. पण ते फसवणूक कळल्यापासून वर्षभराच्या आत, आणि कळल्यानंतर आपण राजीखुशीने एकत्र नांदलो नसलो तरच. ती कोर्टात गेली नाही. पण त्या घरात कोणी काही सांगितलं की आधी ते खरं आहे का हे तपासायची तिची सवय अजून सुटलेली नाही.

पारावरचा :
आणि मुलीकडचे काय कमी करतात? वय कमी, चष्मा लपव, मंगळ असेल तर "सौम्य" करून आण. मध्यस्थही यातच मुरलेले. माझ्या बहिणीचं स्थळ बघताना वडिलांनी पहिल्याच बैठकीत तिच्या पाठीच्या दुखण्याबद्दल सांगितलं. तीन स्थळं गेली. चौथी मंडळी म्हणाली, एवढं सरळ बोलणारं घर पाहिजे. आज त्यांची नातवंडं खेळतायत.

कोकणकडा :
मंडळी, वेगळा धागा काढा लग्नाचा. कृष्णाकाठची ताई, काय झालं पुढे?

कृष्णाकाठची :
सगळं वाचतेय. शनिवारी कराडला गेले होते. दुर्वाताईंची पोस्ट दादाला वाचून दाखवली. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "सांगायचं नाही असं कुठे आहे? पण सांगणार कोण? तू सांगून रविवारी संध्याकाळी पुण्याला जाशील. त्यानंतर रात्री ती हाक मारेल तेव्हा समोर मी असणार."

मला यावर काही बोलता आलं नाही. तो बरोबर बोलतोय. पहिल्या दिवसापासून सगळं त्याच्यावर आहे. रिपोर्टची फाइल त्याने दुकानात ठेवलीय, घरी नाही, आई वाचेल म्हणून. कधीकधी दुकान बंद करून शटर ओढून आत बसतो, असं वहिनी म्हणाली.

डॉ_सह्याद्री, प्रत्यक्ष सांगायचं कसं? वाक्यं सांगाल का?

डॉ_सह्याद्री :
सांगतो. आधी एक. दादांना व्हिलन करू नका, कुणीच. लपवण्याचं ओझं वाहणारा माणूस बहुतेक वेळा घरातला सगळ्यात जास्त काळजी घेणाराच असतो.

बातमी सांगायची या तयारीने बसू नका, विचारायच्या तयारीने बसा. टीव्ही बंद, फोन बाहेर, शेजारीपाजारी नाहीत. तुम्ही आणि दादा दोघे असा, मामा-मावश्यांची सभा नको. पहिलं वाक्य: "आई, तुला स्वतःला काय वाटतं, काय झालं असेल?" आणि मग गप्प राहा. हे गप्प राहणं सगळ्यांत अवघड असतं, आपण लगेच धीर द्यायला लागतो. दुसरं वाक्य: "रिपोर्टमध्ये जे आलंय ते तुला सगळं ऐकायचंय, की आम्हीच बघायचं?" ती जे म्हणेल ते पाळा. "तुम्हीच बघा" म्हणाली तर विषय तिथे संपला, मंगलाताईंच्या आईसारखा. "सांग" म्हणाली तर एका वेळी एकच गोष्ट. "साधी कावीळ नाही. गाठ आहे." थांबा. तिने विचारलं तर "कॅन्सरची आहे." थांबा. महिने मोजून सांगू नका. ते कोणालाच नेमकं माहीत नसतं, आम्हालाही नाही. आणि "आता काही करता येत नाही" हे वाक्य चुकूनही नको, कारण ते खरं नाही. दुखणं कमी करता येतं, खाणं सुधारता येतं, झोप लावता येते.

यासाठी पॅलिएटिव्ह केअर नावाची वेगळी शाखा आहे. मुंबईत वांद्र्याला शांती अवेदना सदन १९८६ पासून चालू आहे, देशातलं ते पहिलं असं ठिकाण. काही जिल्हा रुग्णालयांतही आता हा विभाग असतो, साताऱ्यात चौकशी करा. मॉर्फिनच्या गोळीला घाबरू नका. डॉक्टरांनी ठरवलेल्या मात्रेत घेतली तर माणूस उठून बसतो, बोलतो, जेवतो. आईंना दुखायला लागायच्या आधीच तिथे नाव नोंदवून या.

आणि रविवारी सांगून सोमवारी निघू नका. दादांचं तेवढं तरी ऐका. रजा काढा.

सुमेधा_के :
डॉक्टर, हे असं कोणी आमच्या बाबांशी बोललं असतं तर मी आज कदाचित वेगळं मत दिलं असतं. पण असं बोलणारे किती आहेत? मी अजूनही म्हणते, सांगायची पद्धत येत नसेल तर सांगू नका. अर्धवट सांगणं सगळ्यात वाईट.

आनंद_वाडीकर :
एक व्यावहारिक गोष्ट कोणी लिहिली नाही म्हणून लिहितो. माझ्या काकांपासून लपवलं होतं. ते गेल्यावर काकूला बँकेच्या खात्यांचा पत्ता नाही, एका एफडीवर नॉमिनी म्हणून लग्नाआधीपासून त्यांच्या भावाचं नाव, आणि गावची जमीन तोंडी वाटलेली. काका हिशेबी माणूस. कळलं असतं तर एका दुपारी सगळे कागद काढून नीट लावून दिले असते. आम्ही त्यांना ती दुपारच दिली नाही. सध्या काकू आणि दीर एकमेकांशी बोलत नाहीत.

मृत्युपत्राला फार सोपस्कार लागत नाहीत. साध्या कागदावर चालतं, दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही पण केलेली बरी. आणि नॉमिनी म्हणजे मालक नव्हे, हेही घराघरांत समजावून सांगायची गरज आहे. आईंच्या नावावर पेन्शन, दागिने, घर काही असेल तर त्यांना ठरवू द्या. शिक्षिका होत्या, अक्षर सुंदर असेल, स्वतः लिहितील.

निशिगंधा_पी :
+१ वाडीकर. हे कटू आहे पण फार खरं आहे.

कृष्णाकाठची :
काल बोललो. मी आणि दादा.

डॉक्टरांनी सांगितलेलं पहिलं वाक्य दादानेच विचारलं. आईने आमच्या दोघांकडे बघितलं आणि म्हणाली, "धाकटीला बोलावून घ्या. तिघं असताना सांगा, म्हणजे मला तीनदा ऐकावं लागणार नाही." मग धाकटी कोल्हापूरहून दुपारच्या गाडीने आली आणि तिने चहा करून आणेपर्यंत आई कोणाशी काही बोलली नाही. नंतर "सांगा" म्हणाली. दादाने सांगितलं. शब्द फुटत नव्हते त्याच्या तोंडून, पण त्यानेच सांगितलं.

आई रडली नाही, चिडली. "मला न विचारता माझ्या आजाराबद्दल मामाला सांगितलंत? काकूंना माहितीये? गल्लीत कोणाकोणाला माहितीये?" याचं उत्तर आमच्याकडे नव्हतं, कारण खरंच बऱ्याच जणांना माहीत होतं. तिने माळ काढून दिली. केमो नको म्हणाली आहे, आधी डॉक्टरांशी स्वतः बोलणार आहे, आम्ही केबिनच्या बाहेर थांबायचं. आणि दादाशी अबोला धरलाय. ताट त्याच्याकडून घेते, औषध घेते, पण बोलत नाही.

रात्री वहिनीला सांगून साजूक तुपातला शिरा करून घेतला, दोन घास खाल्ला.

सुमेधा_के :
बघा, अबोला. हेच होतं.

मंगला_ताई :
सुमेधा, अबोला धरायलाही माणसात जीव लागतो गं. भिंतीकडे तोंड करून झोपली नाहीये ती.

उषःकाल :
दादांना सांगा, उत्तर मिळालं नाही तरी रोज बोलत राहायचं. दुकानात काय झालं, कोण आलं होतं, भाव काय चाललाय. स्वतःची बाजू मांडायला जाऊ नका म्हणावं, "तुझ्यासाठीच केलं" हे तर अजिबात नको. मी माझ्या मुलाला विचारलं परवा, सॅनहोजेवाल्याच्या सांगण्यावरून. तो जे बोलला ते इथे लिहिणार नाही. पण पुढच्या वेळी जे असेल ते त्याच दिवशी सांगायचं असं आमचं ठरलंय, आणि येणं-न येणं त्याने ठरवायचं.

सॅनहोजेवाला :
काकू, 🙏

नवा_सदस्य_लातूर :
धागा पूर्ण वाचला. माझ्या वडलांनाही घशाचा निघालाय, आम्हीपण "गाठ आहे, सुकेल" असं सांगितलंय. आता बोलावं वाटतंय. अडचण अशी की त्यांना ऐकायला फार कमी येतं, मशीन लावत नाहीत. जनरल वॉर्डात आहेत. काही सांगायचं तर ओरडून सांगावं लागतं, सगळा वॉर्ड ऐकतो. काय करू?

दुर्वा_अमरावती :
वॉर्डात नका बोलू. सिस्टर इन्चार्जला सकाळी राउंड आटोपल्यावर भेटा, ड्रेसिंग रूम नाहीतर काउन्सेलरची खोली अर्ध्या तासासाठी मागून घ्या, देतात. बाबाले वाचता येते का? येत असेल तर वही आणि जाड स्केचपेन घेऊन जा. एका पानावर एकच ओळ, मोठ्या अक्षरात. पहिल्या पानावर प्रश्न लिहा, "तुम्हाला काय वाटते?" अन् पेन त्यांच्या हाती द्या. त्यांचं लिहून झाल्याशिवाय पान उलटू नका. चष्मा न्यायला विसरू नका. अन् ती वही नंतर बेडजवळ ठेवू नका, सोबत घरी घेऊन जा.